बाबांचं शेवटचं वाक्य

सिनेमात माणूस मरतो तेव्हा त्याचे केस विंचरलेले असतात. दाढी केलेली असते. जे बोलायचं ते सगळं बोलून होतं, ज्याची वाट पाहायची तो तरी येतो किंवा त्याचं नाव तरी घेतलं जातं, आणि त्यानंतरच मान हळूच एका बाजूला कलते. मग कुणीतरी डोळ्यांवरून तळहात फिरवतं आणि डोळे शहाण्यासारखे मिटतात. मला याचा वैताग येतो. टीव्हीवर असा प्रसंग लागला की मी उठून गच्चीवर जातो. बायको पाहुण्यांना सांगते, बाबा गेल्यापासून यांना पाहवत नाही. पाहवत नाही हे खरं आहे. पण ती समजते त्या कारणानं नाही.

ते कारण मी आठ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. तसाही मी फार बोलणारा माणूस नाही, त्यामुळे कुणाला काही खटकलंही नाही. सांगायची वेळ आणली माझ्या भाचीनं.

भाची म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. ताई दुर्गला मोहन नगरात राहते, मी इकडे भिलाईत स्मृति नगरात, बाबांनी रिटायर झाल्यावर बांधलेल्या घरात. भाची पुण्याला सिनेमा शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती एक वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली की परीक्षेसाठी पंधरा मिनिटांची फिल्म करायची आहे, विषय पक्का झाला आहे: आजोबांचा मृत्यू.

"मामा, तुम्ही एकटेच होते ना त्यांच्याजवळ. मुझे पूरा डिटेल चाहिए."

तिनं लिहिलेला प्रसंग तिनं मला वाचून दाखवला. खिडकीतून नारिंगी उजेड येतो आहे. यंत्रावर हिरवी रेघ उड्या मारते आहे. म्हातारा मुलाचा हात घट्ट धरतो आणि विचारतो, ताई आली का? तिकडे रेल्वे फाटकावर मुलगी अडकली आहे. इकडे म्हातारा पुन्हा विचारतो. रेघ सरळ होते. बासरी.

मी बराच वेळ ऐकून घेतलं, मग राहवेना. म्हटलं, नारिंगी उजेड कुठून आला, मे महिन्याची दुपार होती, खिडकीला कूलर होता आणि त्याच्या घरघरीत कुणाला काही ऐकू येत नव्हतं. यंत्रबिंत्र काही लावलेलं नव्हतं. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा होता, मागून उघडा, बाबांना त्याची फार लाज वाटायची. दात वाटीत काढून ठेवले होते. आणि डोळे असे हात फिरवून मिटत नाहीत, परत अर्धे उघडतात. तोंड तर उघडंच राहतं. मग सिस्टर हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधते, दाढ दुखते तेव्हा बांधतात तशी, आणि आपला बाप तिच्यात विदूषकासारखा दिसतो. हे दाखवशील का?

भाची भराभर लिहून घेत होती. तिला वाटलं मामा खुलले. खरं तर मी चिडलो होतो. तिनं विचारलं, आणि हात? हातातला हात गार पडला ते कळलं का तुम्हाला?

मी म्हटलं, हात गारच होता मी आलो तेव्हा.

तिचं पेन थांबलं. आलो म्हणजे कुठून, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बाथरूममधून. ती माझ्याकडे पाहत राहिली. बघायचंच शिक्षण घेते आहे ती. मग वही मिटून म्हणाली, ठीक आहे मामा, आणि पुढे एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

आता जे झालं ते नीट सांगतो.

बाबा स्टील प्लांटमध्ये होते, भट्टीवर, शिफ्ट ड्यूटी. शिफ्टच्या माणसाचा एकच धर्म असतो, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर उभा राहिला, त्याला काय चालू आहे ते सांगितलं, मगच निघायचं. घड्याळात किती वाजले याच्याशी संबंध नाही. एकदा रिलीव्हर आला नाही म्हणून बाबा सोळा तास उभे राहिले होते, आणि त्या दिवशी माझी मुंज होती. आई शेवटपर्यंत ते बोलून दाखवायची. बाबा म्हणायचे, मुंज थांबते, भट्टी थांबत नाही.

बाबा दवाखान्यात पडले तेव्हा आई आधीच गेलेली होती. आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या, म्हणजे बाबांनीच खाटेवरून लावून दिल्या. सकाळी सहा ते दोन मी, दोन ते दहा ताई, रात्री भाऊजी. दोन आठवडे सुरळीत चाललं. ताईला मोहन नगरातून यायचं, सुपेल्याच्या चौकात गर्दी, तिला दहा-वीस मिनिटं उशीर व्हायचाच. मी थांबायचो. बाबा मला सांगायचे, डोळे मिटूनच, की रिलीव्हर आल्याशिवाय हलू नको.

त्या दिवशी सकाळी ते बरे होते. बरे म्हणजे आदल्या दिवसापेक्षा वाईट नव्हते. बाराच्या सुमाराला मला म्हणाले, "उशी उलटी कर रे. गरम झाली." मी उशी उलटी केली. त्यांनी थंड बाजूवर गाल ठेवला आणि झोपले.

मी तीन दिवसांपासून मोबाइलवर एक पिक्चर तुकड्या-तुकड्यानं पाहत होतो. पाऊण तासाचा राहिला होता. वॉर्डात नेटवर्क येत नव्हतं. एक वाजला तरी बाबा झोपलेलेच पाहून मी खाली स्कूटर स्टँडवर गेलो आणि कडुलिंबाखाली कानात इयरफोन घालून बसलो. पिक्चरमध्ये एक म्हातारा मरत होता. सगळे भोवती जमलेले, एक मुलगी तेवढी यायची होती. तो तिचं नाव घेत गेला. मी रडलो. स्कूटर स्टँडवर बसून, खिशातून रुमाल काढून रडलो.

वर आलो तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती. दारातच सिस्टर उभी होती. माझे लाल डोळे पाहून तिला वाटलं मला कुणीतरी सांगितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बस, पंद्रह मिनट हुए भैया. नींद में ही गए."

मला अजून या एका गोष्टीची सर्वांत जास्त चीड येते. ते अश्रू दुसऱ्याचे होते. बाबांसाठी त्यानंतर एक थेंब आला नाही, तेव्हा नाही, घाटावर नाही, तेराव्याला नाही. आणि सगळे म्हणत राहिले, पोरगा किती रडला.

ताई दोन-वीसला आली, हातात डबा. फाटक बंद होतं. तिनं बाबांकडे पाहिलं, त्या पट्टीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग सगळेच विचारतात ते विचारलं, "काही बोलले का रे?"

कोण बोलतं? मला आजवर असा एक माणूस भेटला नाही ज्याच्या घरचं कुणी नीट वाक्य बोलून गेलं. मरणारा घरघरतो, झोपतो, चिडतो, पाणी मागतो आणि पीत नाही. आपण आता जातो आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तरी सगळे विचारतात, कारण पडद्यावर सगळे बोलून जातात. मी म्हणायला हवं होतं की झोपेत गेले. तेवढं खरं तरी होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तू होता ना?

मी म्हटलं, "तुलेच विचारत होते. ताई आली का, ताई आली का. आत्ताच, माझा हात धरून गेले. मी पाणी घातलं तोंडात."

डोक्यात दुसरं काही नव्हतंच. अर्ध्या तासापूर्वी पाहिलेलं होतं तेच बाहेर आलं. वाटलं, तिला बरं वाटेल. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

पिक्चरमध्ये ती मुलगी धावत येते, पायावर डोकं ठेवते, आणि दिवे लागतात. ताईचे दिवे लागले नाहीत. ती त्या वीस मिनिटांत आठ वर्षं राहिली. रायपूरला जायचं असलं तर दोन तास आधी दुर्ग स्टेशनावर जाऊन बसायची. लग्नाला मुलीकडच्यांच्या आधी पोहोचायची आणि हॉल उघडणाऱ्या माणसाची वाट पाहत पायरीवर बसायची. भाचीच्या बोर्डाच्या परीक्षेत ती पहाटेपासून गेटासमोर उभी होती, पोरीला उगाच लाजवलं. घरात सगळे तिची थट्टा करायचे, ताई आली म्हणजे अजून दोन तास आहेत, आंघोळ करून घ्या. हसणाऱ्यांत मी पण होतो. मला कारण माहीत होतं आणि मी हसत होतो. आपली जागा सोडून मी गेलो, आणि उशिराचा दंड तिच्याकडून भरून घेतला. याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

भाची पुण्याला गेल्यावरही ती वही डोक्यातून जाईना. म्हटलं, आता हे पडद्यावर येईल, बासरीसकट, आणि ताई ते पाहील. मी दोन महिने टाळलं. मग थंडीत एका रविवारी सकाळी मोहन नगरला गेलो. ताई अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो, मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता सगळं सांगून टाकलं. स्कूटर स्टँड, इयरफोन, सिस्टर. ती मान वर न करता सोलत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "पिच्चर कोणतं होतं?"

मी नाव सांगितलं. तिनं पाहिलेलं होतं.

"अन् पाणी?"

"नाही पाजलं."

"मग बोलले काय होते?"

"उशी उलटी कर, गरम झाली."

"केली?"

"हो."

तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. पिक्चर असता तर इथे तिनं मला थोबाडीत मारली असती किंवा मिठी मारली असती. ती बराच वेळ दाणे निवडत राहिली. नंतर म्हणाली, "आठ वर्षं मी रात्री झोपताना त्याइले सांगत राहिली, बाबा, फाटक बंद होतं. रोज. तुले मालूम आहे का?"

मला मालूम नव्हतं. मी तसं म्हटलं.

"जा तू आता," ती म्हणाली.

हिवाळ्यात तिच्याकडून निघताना पिशवीभर सोललेले दाणे मिळाल्याशिवाय मी कधी आलो नाही. त्या दिवशी रिकाम्या हातानं आलो. बायकोनं विचारलं, सोले कावून नाही दिले ताईनं? मग मी तिलाही सांगितलं. तिनं इतकंच म्हटलं की तेव्हाच सांगायचं होतं. हे आता सगळेच म्हणतील. भाचीला फोन करून सांगितलं तर तिनं चाचरत विचारलं, "मामा, वो तकिए वाला सीन ले सकती हूँ?" मी फोन ठेवला.

ताईचा त्यानंतर फोन नाही. संक्रांत गेली, होळी गेली. मी केला तर भाऊजी उचलायचे आणि ती कामात आहे म्हणायचे.

वैशाखात बाबांचं श्राद्ध आलं. दरवर्षी ताई सकाळी आठलाच हजर असायची, बायकोच्या स्वयंपाकघरात शिरून डबे इकडचे तिकडे करायची आणि दोघींची धुसफूस व्हायची. या वर्षी आठ वाजले, नऊ वाजले. गुरुजी आले, पिंड झाले. वडाभात झाला, कढी झाली. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं. ताईशिवाय पानं कशी मांडायची म्हणून सगळे ताटकळले. बारा वाजले. गुरुजींना सुपेल्यात दुसरीकडे जायचं होतं, ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून घसा खाकरत होते. बायको म्हणाली की ती नाही येत आता, वाढून टाकू. मी म्हटलं, थांब.

पावणेएकला दारात ऑटो थांबला. ताई उतरली. पदर सारखा केला, ऑटोवाल्याशी दोन शब्द बोलली, अंगणातल्या मोगऱ्याची चार फुलं तोडली, आणि सावकाश पायऱ्या चढून आली.

बायकोनं विचारलं, ऑटो मिळाला नाही का?

"मिळाला ना," ताई म्हणाली. "चहा पेत बसली होती. घाई कायची?"

मग माझ्याकडे वळली. "पाहून काय राहिला? वाढ."

भात गार झाला होता, वडे मऊ पडले होते, गुरुजी तोंडातल्या तोंडात काही म्हणत होते. मी भात गरम करायला ठेवला. मला तिचा चांगलाच राग आला होता. पाऊण वाजेपर्यंत सगळ्यांना उपाशी ठेवायचं म्हणजे काय.