भाऊजींचा शेवटचा डबा

माझ्या थोरल्या बहिणीला राग आला की ती आरडाओरडा करत नाही, कामाला लागते. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. घरी भांडण झालेल्या दिवशी तिच्या हातून निघालेली कवळी तोंडात अशी घट्ट बसते की काढताना म्हाताऱ्यांना घाम फुटतो, असं तिचे मालक सांगतात. गेलं वर्षभर त्या लॅबच्या कवळ्या फार उत्तम निघताहेत, कारण ताई वर्षभर संतापलेली आहे.

संतापाचं मूळ भाऊजी. आधी त्यांचा छंद, मग त्यांचं आजारपण, आणि आता दोन्ही एकदम.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. मजल्यापासून लिफ्ट बोटभर खाली थांबली तरी त्यांचं डोकं फिरायचं. अशा माणसाला जिओकॅशिंगचं वेड लागलं यात नवल नाही. कुणीतरी पाणी न शिरणारा डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या साइटवर टाकायचे, बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि होता तसा परत ठेवायचा. बस, एवढाच खेळ. त्यासाठी बापई माणसं सुट्टीच्या दिवशी झुडपात डोकं खुपसून बसतात. ताई म्हणायची, "घरातला मोजा यांना सापडत नाही, आणि निघाले जगाचे डबे शोधायला."

नवशिक्यांना शिकवणं हा भाऊजींचा दुसरा छंद, आणि त्यांचं शिकवणं म्हणजे झापणं. यंत्र चालू केल्या केल्या पळत सुटणाऱ्याला ते धरून ठेवायचे. "आधी उघड्यावर उभा राहा. त्याला उपग्रह सापडू देत. तुला गदागदा हलवून उठवलं आणि लगेच पत्ता विचारला, तर सांगता येईल का?" जादा सेल न आणणाऱ्याला बोलणी. डब्याजवळ पोचल्यावरही यंत्राकडेच बघत गोल गोल फिरणाऱ्याला बोलणी: "आता ते ठेव आणि डोळे वापर." उंच भिंतीला चिकटून आकडे घेणाऱ्याचा तर ते उद्धारच करायचे, कारण तिथे सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि आकडा भरकटतो. स्वतः डबा लपवताना ते त्याच जागेवर पुन्हा पुन्हा येऊन आकडे घ्यायचे आणि सरासरी काढायचे. सूचना मात्र दोन शब्दांची. जास्त सांगणं म्हणजे लाड, असं त्यांचं मत.

पण पहिला धडा कायम एकच असायचा. "अक्षांशाचं अर्धं मिनिट म्हणजे पॉइंट पाच. तेच सेकंदात तीस होतं, पन्नास नाही. दहाचा हिशेब आणि साठाचा हिशेब एकमेकांत घातलात, तर गेलात भलत्याच गल्लीत." हे त्यांनी मलासुद्धा जेवताना चमच्याने ताट वाजवून शिकवलं होतं, आणि मला तर छंदही नव्हता.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण तिची धार काही गेली नाही. घरी आल्यापासून त्यांनी एकच वाक्य धरून ठेवलं: "हात गेलाय, डोकं शाबूत आहे." डॉक्टरांना तेच, पेपर टाकणाऱ्याला तेच. ते ताईसमोर सतराचा पाढा म्हणून दाखवायचे. मध्येच अडखळले की चेहरा पडायचा आणि त्या दिवशी ताट तसंच परत यायचं. डोकंही गेलं असेल तर, ही एकच भीती त्या माणसाला होती. तिचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

त्यांचे बाकीचे डबे मित्रांनी सांभाळायला घेतले. एकच त्यांनी दिला नाही, कालव्यावरच्या लोखंडी पुलाखालचा. सूचना: "खाली वाका." तो कुणाला सापडला की निरोप यायचा आणि भाऊजी डाव्या हाताने मोबाइल धरून तो दिवसभर वाचायचे. मग अचानक निरोप बदलले. सापडला नाही. तासभर शोधला, सापडला नाही. शेवटी साइटच्या तपासनिसाने लिहिलं की मालकाने जागेवर जाऊन खात्री करावी, नाहीतर डबा नकाशावरून काढून टाकण्यात येईल.

"आंधळे आहेत लेकाचे," भाऊजी म्हणाले. मग ताईकडे वळून, "तू जाऊन बघून ये."

"कवळ्या करू, तुम्हाला अंघोळ घालू, की पुलाखाली रांगत जाऊ?"

"मला जाता आलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

यावर ताई आणखी चिडली. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेऊन निघाली. निघताना मागून सूचना आलीच: "मनाने जाऊ नका. साइटवरचे आकडे घाला. लोकांना जे दिसतं ते तपासायचंय."

आम्ही आकडे घातले. यंत्राने आम्हाला पुलावरून पलीकडे नेलं, आणखी पुढे नेलं, आणि बस डेपोच्या मागच्या कुंपणाशी उभं केलं. तिथलं गवत शोधणाऱ्यांनी पार तुडवलेलं होतं. ताई म्हणाली, "ही जागाच नाही. डबा लपवला तेव्हा अख्खी दुपार मी त्या पुलावर छत्री धरून बसले होते, विसरेन का?" आम्ही मागे फिरलो. ती पुलाखाली वाकली, लोखंडी तुळईमागे हात घातला आणि डबा बाहेर काढला. कोरडा ठणठणीत.

यंत्रात भाऊजींनी डबा लपवताना घेतलेले मूळ आकडे होते. मी ते साइटवरच्या आकड्यांशेजारी धरले. आकडे तेच होते. मूळचे मिनिटाच्या दशांशात होते, साइटवर मात्र तेच सेकंदांच्या रकान्यात जसेच्या तसे भरले होते. ताटावर चमचा वाजवून शिकवलेला पहिला धडा. साइटवरचं डब्याचं पान बदलल्याची तारीख आजारपणानंतरची होती.

"आठवतंय मला," ताई म्हणाली. "डाव्या हाताने टाइप करत बसले होते. खुशीत होते. म्हणाले, पान नीटनेटकं करतोय."

"फोन कर. मिनिटाचं काम आहे. ते दुरुस्त करतील."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मला एक पाऊल मागे सरकावंसं वाटलं. "आणि सांगू काय? पहिला धडा तुम्हीच विसरलात?"

"मग आपण गुपचूप बदलू."

"दिवसभर त्याच पानाला डोळे लावून बसतात ते. त्यांना कळणार नाही?" मग तिचा आवाज फुटला. "चांगल्या माणसाचं वाटोळं झालं, आणि या लोकांना डब्याची पडलीय. मला या डब्याचा राग येतो. त्यांचाही येतो. रोज येतो. पडले का, पडायचंच होतं तर मला सांगून का नाही पडले?"

तिने डोळे पुसले नाहीत, डबा काखोटीला मारला आणि चालायला लागली. थेट डेपोच्या कुंपणापर्यंत.

तिथे ती उघड्यावर यंत्र धरून उभी राहिली, ते स्थिरावेपर्यंत. मग वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा त्याच जागेवर आली. वर्षानुवर्षं त्या छंदाला नावं ठेवणाऱ्या माझ्या बहिणीला सगळं पाठ होतं. आकडे कुंपणाच्या एका खांबापाशी जुळले. खांबाच्या बुडाशी सिमेंट फुटून खळगा झाला होता. डबा बसेना. तिने पर्समधून लॅबची कोरणी काढली आणि दातओठ खात कडा तासायला सुरुवात केली. मग डबा आत सरकवून तोंडाशी लावायला दगड शोधला. एक टाकला, दुसरा टाकला, तिसरा तासला. शेवटी तो असा बसला की मला खालीच वाकावं लागलं, तेव्हा कुठे फट दिसली.

घरी भाऊजी दाराकडे डोळे लावून बसले होते. "होता?"

"होता."

"जागेवर?"

"तुम्ही लिहिलंय तिथेच."

पुढच्याच आठवड्यात निरोप आला. मी तेव्हा तिथेच होते. भाऊजींनी तो मोठ्याने वाचला, जड जिभेने, एकेक शब्द लावून: "सापडला. आकडे तंतोतंत." मोबाइल मांडीवर ठेवून ते ताईला म्हणाले, "बघितलंस? चूक लोकांची होती. आणि तू माझ्यावर चिडत होतीस. डोकं शाबूत आहे माझं."

लहानपणी आईने उपाशी ठेवलं तरी ताईने कधी चूक कबूल केली नव्हती. लग्नानंतर तर नाहीच.

"चुकलं माझं," ती म्हणाली. मग आत गेली, आणि घासून पालथी घातलेली भांडी तिने पुन्हा घासायला घेतली.