उजवीकडचा ठोका

बी.ए.चा निकाल लागला त्या वर्षी मी तानशाच्या रानात जीपमध्ये बसून वाघ बघायला गेलो. आमच्या पाड्यावरची माणसं त्या रानात पिढ्यानपिढ्या जात होती, मोळीला, मधाला, गुरांमागे. जीपमध्ये बसून गेलेला पहिला मीच. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पण मोठेपणा वाटत होता, खोटं कशाला बोलू?

जीप माझ्या प्राध्यापकांच्या मित्राची. मुंबईचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात कॅमेरा. त्याला वाघ मारायचा नव्हता, फोटो हवा होता. जीपने सगळ्या वाटा पालथ्या घातल्या तरी साधं शेपूट दिसलं नाही, तेव्हा त्याने हाका लावायला सांगितला. माणसं मी जमवली. त्यांत माझा काका होता आणि माझा बा, म्हणजे बापसुद्धा.

"बंदूक नाय?" काकाने विचारलं. "मंग वाघ निघाला तं काय करनार?"

"साहेब फोटो काढणार."

"आन् तो वाघाला कवा दावनार?"

सगळे खिदळले. मग काका माझ्याकडे वळला. "तू कुठं रं हाक्यात?"

"मी जीपमध्ये."

"का? बी.ए.वाल्याला वाघ खात नाय काय?"

"बसू दे त्याला," बा म्हणाला. "त्याच्यासाठीच शिकवलाय."

हाक्यात माणसांची रांग डबे आणि थाळ्या बडवत ओढ्याच्या वरच्या अंगाने येते आणि जनावराला पुढे काढते. ते बाजूने निसटू नये म्हणून दोन्ही कडांना एकेक माणूस झाडावर बसतो आणि कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने खोडावर ठोकतो. ओरडायचं नाही, नुसतं टक, टक. एवढ्या गोंगाटात त्या बारक्या आवाजालाच वाघ जास्त बिचकतो. उजव्या कडेला बा होता.

ऊन कलल्यावर हाका सुटला. जीप ओढ्याच्या तोंडाशी उभी, साहेबाचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. डब्यांचा आवाज जवळ येत गेला. मोर उडाले. एक भेकर जीपला वळसा घालून पळालं. मग झुडपं हलली आणि बाहेर आली ती आमचीच माणसं, घामेजलेली. डबे गप्प झाले. डावीकडचा माणूस झाडावरून उतरून विडी पेटवत आला.

उजवीकडे मात्र टक, टक चालूच होतं.

"म्हातारा बहिरा झाला काय?" कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. मग कोणी हसेना. पाखरं गप्प, वारा पडलेला, आणि त्या सगळ्या रानात तेवढा एकच आवाज.

"हाका सरला, त्याला कळलं नसंल," मी म्हणालो.

काका हळू आवाजात बोलला, "आमी बोंबलत त्याच्या झाडाजवळनं आलो. कळलं नसंल कसं? तो ठोकतोय म्हंजी जनावर खाली हाय."

साहेबाने हॉर्न दाबला. ठोका थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला, पण भराभर, हात चुकत असल्यासारखा.

मी जीपमधून उतरलो. कोणी उठलं नाही, आणि त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरीही पोरंबाळं होती. काका ओढ्यापर्यंत आला. "डाव्या अंगानं जा," म्हणाला. "आन् पँट गुडघ्यावर घे, करवंदीत अडकंल."

बाचं झाड ऐनाचं. तो बेचक्यात बसला होता. खोडाची साल सोलून निघाली होती. झाडाखालचं गवत बसलेलं, ढोर बसून उठल्यासारखं. वास असा, की आपसूक तोंड मिटावं. पण जनावर कुठेच दिसेना.

"बा, उतर. काही नाही इथं."

बा माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या शेजारच्या करवंदीच्या जाळीकडे बघत होता.

"हालू नको," तो म्हणाला. "बोलू पन नको."

मी जाळीकडे बघितलं. पानं, काटे, सावली. यापलीकडे मला काही दिसलं नाही. पण माझ्या पायाशी एक नाकतोडा उडाला, जाळीकडे गेला आणि तिथून ताबडतोब परत फिरला. बा ठोकत राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग त्याची नजर जाळीवरून मागच्या रानाकडे सरकत गेली, तो थांबला आणि घसरत खाली आला. पाय बधिर झालेले, त्याला उभं राहता येईना. मी वाकलो, त्याला पाठंगुळीला घेतला. माझा बा अंगाने किती बारीक आहे ते मला तेव्हा कळलं.

"चाल," तो कानाशी म्हणाला. "तू म्होरं बघ. मागं मी बघतो."

मी चालू लागलो. बाची मान मागे वळलेली. थोड्या वेळाने म्हणाला, "येतोय."

माझे पाय पळायला बघत होते.

"पळू नको. हाय तसाच चाल." मी पावलं मोजू लागलो. मग, "बसला." आणि ओढा दिसायला लागला तेव्हा पुन्हा, "उठला रं." माझ्या पाठीमागे मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, वाळकं पानसुद्धा नाही. मी मागे बघितलं नाही. बाची बोटं माझ्या गळ्याशी रुतत होती, त्यावरून अंतर समजत होतं.

काका ओढ्याकाठी तसाच उभा होता. आमच्याबरोबर तोही जीपपाशी आला. साहेब धावत पुढे झाला.

"दिसला का? कुठे होता? उद्या तिथेच बसू आपण!"

बा माझ्या पाठीवरून उतरला आणि जीपला धरून उभा राहिला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हाक्याच्या माणसांकडे.

"काय नाय, साहेब. रान रिकामं हाय."

"मग इतका वेळ ठोकत का होतास?"

"झोप लागू नये म्हनून."

माणसं हसली, पोट धरधरून, मघापासून अडकलेलं सगळं हसू एकदम सुटल्यासारखी. साहेबही हसला आणि कॅमेरा पेटीत ठेवू लागला. काका तेवढा हसला नाही. आम्ही ज्या वाटेने आलो होतो, तिकडे बघत तो एक एक पाऊल मागे सरकत होता.