एचडी टीव्ही आणि डावी कॉलर

टेलरमास्तरांच्या दुकानात भिंतीवर एकच फोटो आहे. टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या एका गृहस्थांचा, मास्तरांनी घरच्या टीव्हीच्या पडद्यावरून काढलेला. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा आला आहे, पण अंगातला राखाडी कोट ओळखू येतो. तो मास्तरांनी शिवलेला. चार वर्षांपूर्वी ते गृहस्थ एकदाच दुकानात आले. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सातला तोच कोट घालून बातम्या वाचतात, आणि मास्तर मशीनवरून उठून आतल्या खोलीत कोट बघायला जातात. बातम्या त्यांना शुक्रवारी गिऱ्हाइकांकडून कळतात.

या कोटाची एक गोष्ट मास्तरांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्याची डावी कॉलर उजवीपेक्षा दोन सूत, म्हणजे चांगली पाव इंच रुंद झाली होती. बेतताना खडूच्या दोन रेघा जवळजवळ पडल्या आणि कात्री भलत्याच रेघेवरून गेली. घरच्या जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीवर ते दिसणं शक्य नाही, अशी त्यांची खात्री होती.

म्हणून बायकोने एचडी टीव्हीचा विषय काढला तेव्हा मास्तरांना घाम फुटला. बाईंच्या बहिणीने तो घेतला होता. त्यात माशी दिसली तर ती पडद्यावर बसलीय की आत आहे, हे उठून बघावं लागतं म्हणे. मास्तर म्हणाले, डोळे बिघडतात. मग म्हणाले, एवढ्या मोठ्या तोंडांना आपली खोली पुरायची नाही. शेवटी म्हणाले, लोकांच्या गालावरचे खड्डे बघून काय करायचं, आपल्याला का त्यांच्याशी सोयरीक जुळवायचीय?

बाई बसल्या बैठकीला पन्नास काजं करतात. त्यांना घाई ठाऊक नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एका संध्याकाळी मास्तरांना मशीनवरून उठवून टीव्हीच्या दुकानात नेलं. नेमका गुरुवार होता.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले. सात वाजले आणि चौदा गृहस्थ चौदा कोट घालून एकदम बातम्या वाचू लागले. मास्तरांच्या गळ्यात टेप तशीच राहिली होती. ती त्यांनी एका पडद्याला लावली. टीव्ही भिंतीवर बसतो का ते बघताहेत असं समजून विक्रेत्याने आपणहून दुसरं टोक धरलं. मास्तर मात्र कॉलर मापत होते. टीव्ही जेवढा मोठा, तेवढी चूक मोठी. सगळ्यात मोठ्यावर ती बोटभर भरली. त्यांनी विक्रेत्याला विचारलं, यातला सगळ्यात लहान कुठला?

एवढ्यात बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, डावी कॉलर मोठी आहे की."

"दोन सूत," मास्तर म्हणाले.

"म्हणजे ती कोटातच आहे? घरी दिसायची तेव्हा मला वाटायचं, टीव्ही बिघडलाय. तुमचा चांगला कोट वाकडा दाखवतो, म्हणून तर नवा घ्या म्हणत होते."

विक्रेता म्हणाला, काका, चित्र फार स्पष्ट वाटत असेल तर कमी करता येतं, आणि त्याने ते करत करत कॉलर, चेहरा, सगळं पुसट करून दाखवलं. बाई म्हणाल्या, आमचा घरचा हे काही न करता करतो.

टीव्ही घेतला. पण तो घरी यायच्या आत मास्तरांनी त्या गृहस्थांना फोन करून कोट मागवला, जुन्या गिऱ्हाइकांना इस्त्री फुकट आहे असं सांगून. कॉलर उसवली, बेतली, पुन्हा शिवली. बाईंनी टेप लावून पाहिली आणि मान डोलावली.

गुरुवारी दोघं नव्या टीव्हीपुढे बसले. कॉलर दोन्हीकडे तंतोतंत सारखी. मास्तर इतके ताठ बसले होते, जणू बातम्या तेच वाचणार होते.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, यांचा डावा कान खाली आहे का?"

होता. चांगला बोटभर खाली होता. आजवर रुंद कॉलरीने तो सांभाळून घेतला होता.

"कान मी शिवलेला नाही," मास्तर म्हणाले.

"लोकांना काय माहीत," बाई म्हणाल्या आणि मान एका बाजूला कलती करून बातम्या बघू लागल्या. तसं पाहिलं की ते गृहस्थ सरळ दिसत. थोड्या वेळाने मास्तरांनीही मान कलती केली.