तार थरथरली तेव्हा

माझ्या माहेरच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता. दोन्ही काठांना बांधलेली एक जाड पोलादी तार होती, आणि ती हातांनी ओढत भिवाकाका आपली होडी पलीकडे नेत. त्या दुपारी होडीत मी होते आणि सात महिन्यांची गरोदर असलेली माझी धाकटी बहीण, सुमन. पाणी चढलेलं होतं. मधोमध आलो तशी झोळ पडून खाली आलेली तार पाण्यात बुडाली आणि थरथरू लागली.

मी वाकून पाहिलं. पाणी तारेवर आदळत नव्हतं, निमूट वळसा घालून पुढे जात होतं. जाताना एक भोवरा तारेच्या वरून सुटे, लगेच दुसरा खालून, आणि दोघं तिला आळीपाळीने आपल्याकडे ओढत. तेवढ्यानं पोलाद गुरगुरत होतं.

"काका, तुटेल का हो?"

"बोलू नको पोरी. ये, ओढू लाग."

मी तार धरली. एखाद्या पिसाळलेल्या जनावराची मान धरावी तशी ती हातात उसळत होती. तिचे हादरे माझ्या दातांपर्यंत पोचले. सुमन पोट दोन्ही हातांनी झाकून बसली होती. धक्क्याची भीती मला ठाऊक होती. पण न आदळता नुसतं बाजूनं जाणारं काही इतकं हादरवू शकतं, हे त्या दिवशी कळलं.

काठाजवळ तार पाण्याबाहेर आली आणि एकदम गप्प झाली. आम्ही उतरलो. भिवाकाका मात्र तसेच उभे होते. तारेवर आवळलेल्या त्यांच्या मुठी उघडेनात. सुमननं एकेक बोट हळूहळू सोडवलं.