न केलेली चाचणी

हसनाबादहून राजूरकडे जाताना मध्ये एक गाव लागतं. तिथल्या आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो तेव्हा सिस्टर तिथं कितीतरी वर्षं आधीपासून होत्या. कागदावर मी त्यांचा साहेब होतो. पण कोणत्या वस्तीवर कोण लेक बाळंतपणाला आली आहे, कोणाला साखर असून तो गोळ्या घेत नाही, कोणत्या घरात सासू बाळाला लस टोचू देत नाही, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. त्या मला ‘सर’ म्हणायच्या आणि माझं चुकलं की तितक्याच आदरानं चूक दाखवायच्या.

कोरोनाची लस आली तेव्हा गाव घाबरलेलं होतं. आम्ही दोघं लसीचा डबा घेऊन कापूस वेचणीच्या रानात फिरायचो. एका म्हाताऱ्यानं सिस्टरांना सरळ विचारलं, “बाई, सुई टोचल्यावर म्या मेलो तं?”

“मी बसते ना तुमच्या दारात,” सिस्टर म्हणाल्या. “काही झालं न्हाई असं तुम्हीच सांगाल, मंगच उठते.”

आणि त्या खरंच बसल्या. त्याच्या बायकोबरोबर दिवस मावळेपर्यंत तूर निवडत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या आळीतली सगळी घरं आपण होऊन केंद्रावर आली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान, मुलगा लहान असतानाच वारले होते. मुलगा शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला होता. निवृत्तीच्या आधीपासूनच त्यांच्या हातांचे सांधे सुजायला लागले होते. तो आमवाताचा प्रकार होता. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते आणि ती दाबून ठेवण्यासाठी गोळ्या द्याव्या लागतात. जालन्याच्या डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. तिनं बोटं हलायला लागली, पण कोणत्याही साध्या तापाशी झुंजायची ताकद कमी झाली. सिस्टरांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्या बाजारात, बसमध्ये, माणसांच्या गर्दीत मास्क लावूनच जायच्या.

तोवर बाकी सगळ्यांनी मास्क सोडला होता. नियम उठले आणि नियमाबरोबर आजारही उठून गेला असं लोकांनी धरलं. लोकांना बोल लावायचा मला अधिकार नाही, कारण मीही तेच धरलं होतं. केंद्रात चाचणीच्या किट येणं हळूहळू बंद झालं. मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, आणि पुरवठा नाही म्हणून आम्ही चाचणी करत नव्हतो. चाचणी नाही म्हणजे रुग्ण नाही. महिन्याच्या अहवालात त्या रकान्यात शून्य भरताना मला बरं वाटायचं. कोरोना आता बहुतेकांना तीन-चार दिवसांचा ताप देऊन जातो, हे खरंच आहे. पण ‘बहुतेक’ या शब्दात सिस्टर बसत नव्हत्या, आणि हे मला, त्यांच्या केंद्राच्या डॉक्टरला, माहीत होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. सिस्टरांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या आठवडाभर आधी सिस्टर नेहमीची रक्ततपासणी करायला केंद्रात आल्या. सोमवार होता, बाहेरच्या बाकड्यांवर जागा नव्हती, निम्मे लोक खोकत होते. मलाही दोन दिवसांपासून सर्दी होती, अंग मोडून आलं होतं. पण केंद्रात दुसरा डॉक्टर नव्हता, म्हणून मी गोळी घेऊन ओपीडी काढत होतो. मी त्यांना आत बोलावलं, जवळ बसवलं. लग्नाचं सगळं विचारून घेतलं. बोलता बोलता मला दोनदा खोकल्याची उबळ आली.

त्यांनी खुर्ची जराशी मागे सरकवली. “सर, तुम्ही खोकून राह्यले. चाचणी केली का?”

मी हसलो. “आता कोण करतंय, सिस्टर?”

“मास्क तरी लावा मंग. माझ्यासाठी न्हाई, बाहेर दोन गरोदर बाया बसल्या.”

मी कपाटात शोधाशोध केली. मास्क सापडला नाही. रुमाल तोंडावर धरला आणि त्यांच्या रक्ततपासणीचा कागद लिहून दिला. त्या मुलाच्या लग्नाची पत्रिका टेबलावर ठेवून गेल्या.

लग्न राजूरच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात झालं. मी जेवणाच्या वेळी गेलो. बुद्धवंदना होऊन गेली होती, स्टेजवर फोटो चालले होते. सिस्टर निळ्या काठाची साडी नेसून मुलाशेजारी उभ्या होत्या, तोंडावर पांढरा मास्क. खालून कोणीतरी म्हणालं, “बाई, आता कशाला ते? तोंड तं दिसू द्या.” मुलगा त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. त्यांनी मास्क काढून मुठीत धरला. पाहुणे एकेक करून येत होते, गळ्यात पडत होते, लहान पोरं त्यांच्या कडेवर दिली जात होती. त्या दिवशी मी त्यांना फार आनंदात पाहिलं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन केंद्रात आला. ताप होता, घसा दुखत होता, अंग ठणकत होतं. मी तपासलं. छाती साफ होती. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ठीक दिसत होता.

“सर, चाचणी करायची का?” त्यांनी विचारलं.

मी औषधनिर्मात्याला हाक मारली. किटचा एक खोका निघाला, त्याची मुदत कधीच संपलेली. जालन्याला पाठवून चाचणी करून घेता आली असती. पण घरात नवी सून होती, पाहुणे अजून हलले नव्हते, आणि सगळीकडं तापाची साथ चाललेलीच होती. मी म्हणालो, “व्हायरल आहे, सिस्टर. दगदग झाली लग्नाची. तीन दिवस गोळ्या घ्या, आराम करा.”

“तुम्ही म्हणता तं बराबर असंल,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांची आठवड्याची गोळी दुसऱ्याच दिवशी होती. ताप असताना ती थांबवायची असते. त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी दारातून वळून विचारलंही. मी म्हणालो, साधा ताप आहे, घ्या. वीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण त्या वाक्यासारखं दुसरं वाक्य मला आठवत नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. आईला धाप लागली आहे, बोलता येत नाही. मी मोटारसायकल काढून घरी गेलो. ऑक्सिजन खूप खाली आला होता. रुग्णवाहिका बोलावली आणि त्यांच्यासोबत जालन्याला गेलो. तिथं चाचणी झाली, कोरोना निघाला. फुप्फुसं दोन्हीकडून भरत आली होती.

मी एक दिवसाआड जात होतो. पाचव्या दिवशी त्या थोड्या बोलू शकल्या. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी आधी सुनेचं विचारलं. “तिला तपासलं का? माझ्या बाजूलाच बसून राह्यली व्हती.” मग म्हणाल्या, “ओपीडीत गरोदर बायांना येगळं बसवा, सर. आपण आधी बसवत व्हतो ना तसं.”

मला तेव्हाच सांगायचं होतं. त्या सोमवारी मी खोकत होतो, तो ताप कदाचित माझ्याकडून आला असेल, आणि नसला आला तरी तो ओळखायचं काम माझं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, “बोलू नका, दम लागेल.” त्यांनी मान हलवली. मी मास्क त्यांच्या नाकावर नीट बसवला आणि बाहेर आलो.

त्यानंतर पाच दिवसांनी दुपारी त्या गेल्या.

गावात ‘हार्टनं गेल्या’ असं झालं. कोरोना म्हणायला कोणाला नको होतं. तो जुना, संपलेला आजार होता आणि त्यानं आता कोणी मरत नाही असं सगळ्यांचं ठरलं होतं. मुलगा मात्र खरं धरून बसला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तो ओसरीत एकटाच होता. हळदीसाठी दारात घातलेल्या मांडवाचे बांबू अजून भिंतीला टेकून ठेवलेले होते.

“मीच म्हणलो व्हतो, सर,” तो म्हणाला. “आई, फोटोपुरता काढ. दोन मिन्टं. तिला काढायचा नव्हता. माझ्यासाठी काढला.”

तो रडला नाही. हे वाक्य त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं असावं की त्यात आता आवाजच उरला नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर त्यानं ते जन्मभर तसंच सांगितलं असतं. म्हणून मी त्याला त्या सोमवारचं सगळं सांगितलं. माझी सर्दी, माझा खोकला, त्यांनी विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर. मुदत संपलेला खोका. दारातून विचारलेली गोळी.

मला वाटलं, आता तो जा म्हणेल. मी उठायच्या तयारीत होतो.

“म्हणजे कोणामुळं झालं ते कळणार न्हाई,” तो म्हणाला.

“नाही. तुझ्या फोटोमुळं, माझ्यामुळं, बाकड्यावरच्या कोणामुळं, काहीच कळणार नाही. पण वेळेवर कळलं असतं तर गोळी थांबली असती. पहिल्याच दिवशी जालन्याला नेलं असतं. वाचल्या असत्या असं मी छातीठोक सांगत नाही. पण ती संधी त्यांना मिळाली नाही, ती माझ्यामुळं.”

घरातून नवी सून चहा घेऊन आली. आम्ही दोघांनी चहा घेतला. कप खाली ठेवताना तो म्हणाला, “पुण्यानुमोदनाला तुम्ही बोला, सर. हेच बोला. आई असती तं तिनं सांगितलंच असतं.”

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला सगळं गाव आलं होतं. त्यांनी ज्यांची बाळंतपणं केली, ज्यांना लसी टोचल्या, त्या सगळ्या आळ्यांतली माणसं. भंतेजींचं प्रवचन झाल्यावर लोक एकेक करून चांगलं बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी कागद काढला नाही. सिस्टर कशानं गेल्या ते सांगितलं. मी खोकत असताना त्यांना जवळ बसवलं, हे सांगितलं. म्हणालो, हा आजार तुम्हाआम्हाला चार दिवस झोपवून जाईल, पण ज्यांची किडनी बदलली आहे, ज्यांचं कॅन्सरचं औषध चालू आहे, ज्यांना सिस्टरांसारख्या गोळ्या चालू आहेत, जे फार म्हातारे आहेत, त्यांच्यासाठी तो आधी होता तसाच आहे. ती माणसं आपल्याच घरात आहेत. ताप असेल तेव्हा त्यांच्यापासून लांब राहा, नाहीतर तोंड झाका. एवढंच.

काही माणसं माझ्याकडं बघायचं टाळून निघून गेली. कार्यक्रम आटोपल्यावर एक म्हातारी जवळ आली. तिच्या सुनेचं कॅन्सरचं औषध चालू होतं.

“डाक्टर, उद्या नातवाला ताप आला तं घेऊन येऊ का तपासायला? सुनेजवळ जाऊ द्यावं का न्हाई ते तं कळंल.”

मी ‘या’ म्हणालो. म्हणताना मला माहीत होतं की केंद्रात एकही चालणारी किट नाही.

आरोग्य अधिकाऱ्यांच्या पुढच्या मासिक बैठकीत मी किटचं बोललो. वरिष्ठ भले गृहस्थ आहेत. म्हणाले, “डॉक्टर, तुमचं दुःख समजतं. पण आपल्याकडं रुग्णच नाहीत. आकडा शून्य आहे. कशाच्या आधारावर मागायचं?”

“तो शून्य मी भरलाय, सर,” मी म्हणालो. “चाचणी न करता भरलाय. तो रुग्णांचा आकडा नाही.”

खोलीत माझ्यासारखे आणखी दहा-बारा डॉक्टर होते. सगळे टेबलाकडं बघत होते, कारण प्रत्येकानं तो शून्य भरला होता. मी जास्त काही मागितलं नाही. सरसकट मास्क नको, बंदी नको, लोकांना धाक नको. प्रत्येक केंद्रात थोड्या किट द्या. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांची गावनिहाय यादी आशाताईंकडून करून घ्या. त्या घरात ताप आला की पहिल्या दिवशी चाचणी. आणि खोकणारा डॉक्टर त्या दिवशी ओपीडीत बसणार नाही, त्याच्या जागी दुसरा येईल, एवढी सोय.

वरिष्ठांनी लिहून घेतलं. दीड महिन्यानं आमच्या केंद्राला किटचे दोन खोके आले. यादीला मंजुरी आली नाही. ती आम्ही आमच्यापुरती केली. बदली डॉक्टरचं तर उत्तरच आलं नाही. मागच्या महिन्यात मला ताप आला तेव्हा मी कडुलिंबाखाली टेबल टाकून, मास्क लावून ओपीडी काढली. दोन माणसं हसली. बाकीची लांब लांब बसली.

म्हातारीचा नातू एकदा खरंच तापला. चाचणी केली, कोरोना निघाला. त्याला आत्याकडं बदनापूरला ठेवलं, सुनेला काही झालं नाही. म्हातारी शेंगा घेऊन आली होती. मला फार आनंद व्हायला हवा होता. तिच्यासमोर मी हसलो, शेंगा घेतल्या. ती गेल्यावर दार लावून थोडा वेळ बसून राहिलो, कारण ही गोष्ट ज्यांना धावत जाऊन सांगावी अशा एकट्या सिस्टरच होत्या.