टेलरमास्तरांचं वादळ

मास्तरांचा हात सोन्याचा होता. त्यांनी शिवलेल्या कोटात वाकलेला माणूस ताठ दिसे आणि ताठ माणूस तर मंत्रीच वाटे. खोट एकच होती, तारखेची. "उद्या न्या" हे ते इतक्या निष्पाप चेहऱ्याने म्हणत की नवखं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी खरोखर येई. जुन्यांनी मात्र स्वतःपुरता कोश तयार केला होता. मास्तरांचा 'उद्या' म्हणजे पंधरवडा, 'परवा' म्हणजे महिना, आणि "झालंय हो, फक्त बटणं राहिलीत" म्हणजे कापडाला अजून कात्रीही लागलेली नाही.

या उशिराचं अर्धं पाप रेडिओच्या माथी होतं. मास्तरांना वादळांचा नाद होता. भिंतीवर कटिंगचा मोठा खाकी कागद, त्यावर निळ्या खडूने काढलेला किनारा आणि टाचण्यांची रांग. वादळ आता इतक्या अंशांवर आहे असं रेडिओने म्हटलं की मशीन थांबे. मास्तर नवी टाचणी टोचत, गळ्यातला टेप काढून अंतर मोजत आणि स्वतःशीच "हं" म्हणत. ज्याचं माप चाललेलं असे तो बिचारा दोन्ही हात पसरून तसाच उभा. एकदा एक पोस्टमन असा वीस मिनिटं उभा राहिला आणि शेवटी वादळ वळल्याचा आनंद त्यालाच जास्त झाला.

दिशेत मात्र मास्तर पक्के. गेल्या चार वर्षांत तीन वादळं आली. तिन्ही वेळा भोंग्याच्या गाडीने गल्ल्यागल्ल्यांतून ओरडून लोकांना शाळेत नेलं, आणि तिन्ही वेळा मास्तर म्हणाले, "वळणार." तिन्ही वळली. शाळेच्या फरशीवर झोपून पाठी धरलेल्या लोकांनी तेव्हापासून ठरवून टाकलं की भोंगा काहीही बोंबलो, आपण मास्तरांना विचारायचं.

आणि विचारणारे थोडेथोडके नव्हते. समुद्राच्या कठड्यापासून बाजारापर्यंत सात गल्ल्या होत्या आणि त्यांत घरं अशी चिकटलेली की एका घरात शिंक आली तर तिसऱ्या घरातून "दार लाव आधी!" म्हणून ओरडा येई. अगदी पहिल्या, कठड्याला लागून असलेल्या सखल गल्लीत मास्तरांची थोरली बहीण एकटी राही. ताई. ताई उठली की गल्ली उठे, ताईने दार लावलं की गल्ली झोपे.

त्या बुधवारी सकाळी मास्तरांनी अकरावी टाचणी टोचली, टेप लावला, आणि या वेळी "हं" म्हटलं नाही. टाचण्यांची रांग सुतासारखी सरळ होती आणि दोन टाचण्यांमधलं अंतर दर खेपेला वाढत होतं. वादळ वळत नव्हतं. नुसतं येत नव्हतं, धावत येत होतं.

"अहो, काय झालं?" मशीनवर बसलेल्या बायकोने विचारलं.

"येतंय. उद्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला. सरळ आपल्यावर."

मास्तर आयुष्यात पहिल्यांदा दुकान उघडं टाकून धावले. समोरच्या सायकलवाल्याला म्हणाले, "वादळ येतंय! उद्या!"

सायकलवाल्याने पंक्चरवरून मान वर केली. "उद्या म्हणता? मग निवांत आहे."

"अरे, खरंच उद्या!"

"माझी पँट पण खरंच उद्याच होती, मास्तर. दोन महिने झाले."

बेकरीवाला तर खूशच झाला. पंधरवड्याची सवड मिळाली म्हणून त्याने पिठाची चार पोती जास्त मागवली. मास्तर जितक्या कळकळीने "उद्या, उद्या" म्हणत फिरले तितके लोक निर्धास्त होत गेले. भोंग्याची गाडीही येऊन ओरडून गेली, लोक खिडकीतून तिला सांगत होते, "मास्तर उद्या म्हणालेत!" गाडीतल्या माणसाला वाटलं, चला, लोकांना पटलं. तो समाधानाने पुढे गेला.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मास्तर ताईच्या दारात उभे होते. समुद्र कठड्यावरून मान वर काढून बघत होता. ताई तांदूळ निवडत बसली होती.

"ताई, पेटी भर. आज सहाला पाणी आत येणार."

"काल 'उद्या' होतं, आज 'आज' झालं. प्रगती आहे."

"थट्टा करू नकोस गं! तू हललीस तर गल्ली हलेल. सगळी तुझ्याकडे बघतायत."

"बघू देत. आधी मला सांग, माझा फुलाफुलांचा ब्लाउज कुठाय? आठ महिने झाले. तेव्हा मी बारीक होते."

वेळेचा विषय निघाला की हिच्या लेखी आपलं नाणं खोटं, हे मास्तरांना त्या क्षणी लख्ख दिसलं. पण माणूस कारागीर. त्यांनी टेप काढला. "ऊठ, माप दे. आज तीन वाजता ब्लाउज आणून देतो."

ताई इतकी हसली की शेजारणी बाहेर आल्या. "ऐकलंत का गं? आज तीनला!"

दुकानात मास्तरांनी ते ब्लाउजचं कापड ढिगाच्या तळातून उपसलं तेव्हा त्यावर अजून तिच्या हातची घडी होती. त्यांनी ते कापायला घेतलं. रेडिओ बोलत होता, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही, टाचण्या बायकोच टोचत होती आणि मधूनमधून सांगत होती, "अजून जवळ आलंय हो." बाह्या लागल्या. हुक बायकोने लावले. तीनला दहा कमी असताना कडक इस्त्री झाली आणि ब्लाउज छातीशी धरून मास्तर वाऱ्यात वाकून पळत सुटले.

ताईच्या दारात बायका गंमत बघायला जमल्याच होत्या. आतल्या घड्याळात तीनचे ठोके पडत असताना मास्तरांनी ब्लाउज तिच्या हातात ठेवला.

ताईने ब्लाउज उलगडला. शिवण पाहिली. हुक मोजले. घड्याळ पाहिलं. मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे देवा," ती म्हणाली, "म्हणजे खरंच काहीतरी भयंकर येतंय."

"मास्तरांनी वेळेवर ब्लाउज दिला!" एका शेजारणीने किंकाळी फोडली. ती किंकाळी भोंग्यापेक्षा वेगाने सातही गल्ल्यांतून गेली. ज्यांचे कपडे वर्षभर मास्तरांकडे अडकले होते, त्यांचं तर धाबंच दणाणलं. अर्ध्या तासात पेट्या, पोरं, म्हातारीकोतारी माणसं, कोंबड्या, सगळं शाळेच्या दिशेने चालू लागलं. सायकलवाल्याने दोन फेऱ्या मारून चालता न येणाऱ्यांना कॅरिअरवरून नेलं. बेकरीवाला तयार पावांच्या टोपल्या उचलून पिठाच्या पोत्यांकडे मागे वळून बघत बघत गेला.

पावणेसहाला वादळ आलं. शाळेच्या वरच्या मजल्यावर माणसाला माणूस खेटून बसला होता. पत्रे उडत होते, पोरं रडत होती, आणि ताई ब्लाउज अंगात घालून भावाला ऐकवत होती की काखेत काचतोय.

सकाळी पाणी ओसरल्यावर दोघं तिच्या घरी गेली. दार नव्हतं. पलंग उभा राहून भिंतीला टेकला होता आणि घरभर घोटाभर चिखल. भिंतीवर पाण्याने आपली तपकिरी रेघ आखून ठेवली होती, पट्टी लावल्यासारखी सरळ. ताई त्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली. मास्तरांना टेपची गरज नव्हती. तिची मापं त्यांना पाठ होती. रेघ तिच्या डोक्याच्या चार बोटं वर होती.

मास्तरांचं नाक वाजलं.

ताईने एकदा वर रेघेकडे बघितलं, एकदा भावाकडे. मग पदर खोचला.

"रडतोस काय असा? मी आहे ना इथे. ते फावडं बघ कुठं गेलंय, आणि आधी दारातला चिखल काढ."