रिकाम्या पिंपांची बोट

लिव्हरपूलजवळच्या बूटलच्या एडा रिमरला गोदीवर कोण ओळखत नसे? 'सिल्वरडेल' या मोठ्या प्रवासी बोटीवर पहिल्या वर्गाची व्यवस्था तिच्याकडे. श्रीमंत बायांच्या ट्रंका लावणं, बोट लागलेल्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवणं, सगळं तीच करी. एकोणचाळीस साली लढाई पेटली आणि नौदलाने बोट ताब्यात घेतली. पुरुषांना ठेवून घेतलं, बायकांना लिव्हरपूलला उतरवलं.

दुसऱ्याच दिवशी एडा काम मागायला गोदीच्या फाटकात हजर.

मुकादम हेस्केथ म्हणाला, "बाई, इथे तोफा बसवायच्यात, चादरी नाही बदलायच्या."

"मग आरसे का फोडताय? आवाज रस्त्यापर्यंत येतोय! सरक, मला आत जाऊ दे."

हेस्केथ हसला आणि सरकला.

गालिचे, पियानो, झुंबरं उतरली. डेकवर जिथे बाया घोंगडी पांघरून सूप पीत, तिथे मागच्या लढाईतल्या जुनाट तोफा आल्या. एडाचे हात थांबले नाहीत. मग बोटीच्या पोटात रिकामी पिंपं ठासायचं काम निघालं. भोक पडलंच तर पाण्याला आत जागा मिळू नये म्हणून.

सोबतची नेली कुरकुरली, "जर्मनांना काय पिंपं फेकून मारायची?"

"ठास गं तू! फट ठेवू नकोस. माझा माणूस जायचाय हिच्यावर."

एडाचा नवरा पर्सी बोटीवर प्रवाशांना दारू वाढायचा. आता तो तोफगोळे वाहणार होता. निघताना म्हणाला, "आजवर ग्लास सांडला नाही, गोळा कसा सांडेन?"

हिवाळ्यात उत्तरेच्या समुद्रात जर्मन पाणबुडीने गाठून भोक पाडलंच. बोट कलली, पण बुडेना. शेवटी ओढून तिला बंदरात आणलं. पर्सी मोडका हात गळ्यात बांधून दारात उभा राहिला. "एडा, तुझी पिंपं गं! लाटांवर जिकडेतिकडे तुझी पिंपं, आणि बोट हट्टी म्हातारीसारखी जागची हलेना!"

एडाने त्याचा कोट उतरवला, चहाचं आधण ठेवलं आणि मग जिन्यावर जाऊन बसली.

लढाई संपली. बोट पुन्हा नटली आणि कंपनीने एडाला बोलावलं, तेही सगळ्या बायकांची मुख्य म्हणून. शेजारणी म्हणाल्या, "आता घर बघ की."

"घर मी बघतो," पर्सी म्हणाला. त्याचा हात पुरता सरळ होत नव्हता. तो कोपऱ्यावरच्या पबात लागला होता. "ही इथे राहिली तर माझं डोकं खाईल."

पहिल्याच फेरीत वादळ उठलं. नव्या पोरी भिंतीला चिकटून रडू लागल्या. एडाने बाह्या सारल्या, बादली उचलली आणि पहिल्या खोलीचं दार ठोठावलं.